आधी कुंपण, मग फरशी: चालू सर्व्हरवर फाइलसिस्टिम कशी वाढवायची

"मॅडम, व्हार शंभर टक्के झालंय."

"काल किती होतं?"

"काल... काल बघितलं नव्हतं."

व्हार, म्हणजे सर्व्हरवर लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) वगैरे साठतात ती डिरेक्टरी, पूर्ण भरलेली. रात्रीचे पावणेदोन. मी ठाण्याला घरी, माझ्या टीममधला एक पोरगा ऐरोलीला नाइट शिफ्टला, कामाला लागून जेमतेम दीड महिना झालेला. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री मी त्याला फोनवरून एकेक अक्षर सांगत गेले. तेच इथे नीट लिहून काढते आहे. ठाणे-वाशी लाइनवर रबाळ्याला नाहीतर घणसोलीला उतरून पहिल्यांदाच रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड हातात पडलेल्यांसाठी.

कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करायचे. युनिक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं, तेव्हा जिथे मोठं हवं तिथे तसं सांगितलंय, बाकी सगळी लहान समजा. आणि डिस्कचं नाव फोनवर सांगायची वेळ आली तर नुसतं "एसडीबी" म्हणू नका, ते "एसडीडी"सारखंच ऐकू येतं. "बॉम्बेचा बी" किंवा "दिल्लीचा डी" म्हणा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, मग एंटर.

उदाहरणाचा सर्व्हर असा: व्हीएमवेअरवरचं व्हर्च्युअल मशीन, त्यावर रेड हॅट जातीचं लिनक्स. ८० जीबीची एक डिस्क, एसडीए. तिच्या पहिल्या पार्टिशनवर १ जीबीचं बूट, दुसऱ्यावर उरलेलं सगळं एलव्हीएमकडे, म्हणजे जागा वाटून देणाऱ्या लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरकडे. त्यात रूट (युजर नव्हे, सगळ्याच्या मुळाशी असलेली / ही डिरेक्टरी) ४० जीबी, स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) ८, व्हार १५ आणि होम १६ च्या आसपास. मोकळं काही नाही. असले सर्व्हर तुम्हाला ढिगाने भेटतील.

घर वाढवायचा क्रम

कोपरखैरण्याला, घणसोलीला सिडकोची बैठी घरं पाहिली असतील. कुटुंब वाढलं की लोक मागे-पुढे वाढीव बांधकाम करतात. कायद्याचं सोडा, क्रम बघा. आधी जमीन लागते, मग तिला कुंपण, मग खोलीची भिंत बाहेर सरकते आणि शेवटी आत फरशी बसते. फरशी नाही तर कपाट ठेवणार कुठे?

सर्व्हरवर तेच. डिस्क म्हणजे जमीन. पार्टिशन म्हणजे कुंपण. कुंपणातली जमीन एलव्हीएमच्या सातबाऱ्यावर चढली की ती झाली फिजिकल व्हॉल्यूम. अशा नोंदलेल्या सगळ्या जमिनीचा सामायिक साठा म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, व्हीजी. त्या साठ्यातून काढलेली खोली म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम, एलव्ही. आणि खोलीतली फरशी म्हणजे फाइलसिस्टिम, एक्सएफएस नाहीतर एक्सट४. फाइली ठेवता येतात त्या फरशीवरच.

यातला कुठलाही थर आपला आकार आपणहून वाढवत नाही. बाहेर जमीन दुप्पट झाली तरी आतल्याला कोणी कळवायला जात नाही, ते तुम्हालाच करायचं. नवखे अडकतात ते जवळजवळ नेहमी इथेच: स्टोरेजवाल्याने डिस्क वाढवून दिली, तिकीट बंद केलं, आणि डीएफमध्ये (किती जागा आहे ते दाखवणारी कमांड) आकडा जिथल्या तिथे. वाढवायचं ते बाहेरून आत. कमी करायची वेळ आली तर आतून बाहेर, पण त्या फंदात पडू नका. एक्सएफएस कमी होत नाही असंच धरून चाला, आणि एक्सट४ कमी करायला अनमाउंट करावं, म्हणजे वापरातून सोडवावं लागतं.

आधी बघा, खातंय कोण

वाढवण्याची घाई नको. पहिली कमांड:

डीएफ -एचटी

यातला टी मोठा. कुठलं माउंट, म्हणजे जोडलेली फाइलसिस्टिम, किती भरलंय आणि ते एक्सएफएस आहे की एक्सट४, दोन्ही एकदम कळतं. प्रकार लिहून ठेवा, पुढे लागेल. लगेच दुसरी, डीएफ -आय. जागा शिल्लक आहे पण "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतंय, असं असेल तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणारे नोंदीचे रकाने, संपलेले असतात. एक्सट४ वर आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, आणि कुठल्यातरी ॲपने लाखो बारक्या सेशन फाइली सांडून ठेवल्या की हे होतं. तिथे त्या फाइली साफ करणं हा उपाय, डिस्क मागणं नव्हे.

रूटच भरलं असेल तर डीएफच्या आधीच शंका येते. लॉगिन होतं, तुम्ही सवयीने टॅब दाबता आणि नाव पूर्ण व्हायच्या ऐवजी शेल कुरकुरतो की तात्पुरती फाइल बनवता येत नाही. ही कुरकुर एकदा ओळखीची झाली की पुढचं सगळं लवकर उरकतं.

आता कोण खातंय:

डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार | सॉर्ट -एच

एक्स विसरू नका. तो नसेल तर डीयू दुसऱ्या माउंटमध्येही शिरतो आणि एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या मशीनची जागा) लावलेलं असेल तर चहा पिऊन आलात तरी चालू असतो. शेवटची ओळ म्हणजे /व्हारची स्वतःची बेरीज, तिच्या लगेच वर सगळ्यात जाड डिरेक्टरी येते, तिच्यासाठी पुन्हा हीच कमांड.

त्या रात्री पोराने डीयू चालवायच्या आधीच एक काम केलं होतं. "मॅडम, सहा जीबीची एक लॉग फाइल होती ती उडवली. पण डीएफ हलतच नाही."

हलणार नाहीच. ज्या प्रोसेसने फाइल उघडून धरली आहे ती जोवर सोडत नाही, तोवर नाव गेलं तरी जागा जात नाही. अशा नाव गेलेल्या, पण अजून धरून ठेवलेल्या फाइली दाखवणारी कमांड:

एलएसओएफ +एल१

एल मोठा, पुढे आकडा एक. आलं: जावाची एक प्रोसेस, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४१२७, फाइल डिस्क्रिप्टर (तिने उघडलेल्या फाइलीचा नंबर) ७, आकार सहा जीबीच्या वर, पुढे "डिलीटेड".

इथे मला राग आला, पण फोनवर तो दाखवून काही होत नाही. सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. तेव्हा "लॉगच तर आहे" म्हणून आरएम (फाइल उडवायची कमांड) मारणं हा आपल्या हातातला निर्णय नाही. सुदैवाने प्रोसेस जिवंत होती. म्हणजे फाइलही जिवंत होती, फक्त तिला नाव नव्हतं. त्याला सांगितलं, होममध्ये जागा आहे का बघ. नऊ जीबी मोकळी होती.

सीपी /प्रॉक/४१२७/एफडी/७ /होम/जुनालॉग

सहा जीबी उतरायला काही मिनिटं गेली, तोवर दोघंही गप्प. मग आकार ताडून पाहिला, आणि त्यानंतरच मूळ फाइल रिकामी केली: कोलन, जागा, मोठेपणाचं चिन्ह, जागा, मग तोच /प्रॉक/४१२७/एफडी/७. डीएफ ६० टक्क्यांवर आलं. ॲप बंद करावं लागलं नाही, लॉगही गेला नाही. कॉपी सुरू व्हायच्या आधीच कोणी अधीरपणाने सर्व्हिस रीस्टार्ट केली असती तर मात्र ती फाइल कायमची गेली असती. हा क्रम लक्षात ठेवा: आधी कॉपी, मग रिकामी, रीस्टार्ट तर नाहीच.

डीयू आणि डीएफ जुळत नाहीत आणि एलएसओएफही काही दाखवत नाही, असं झालं तर आणखी एक जागा तपासा. मागे एका ग्राहकाच्या सर्व्हरवर रूटमध्ये वीसेक जीबीचा हिशेबच लागेना. झालं होतं असं की बॅकअपचं एनएफएस एका रात्री निसटलं होतं, आणि स्क्रिप्टने बॅकअप सरळ स्थानिक डिरेक्टरीत ओतला. सकाळी कोणीतरी एनएफएस परत माउंट केलं आणि ते वीस जीबी त्याच्याखाली गाडले गेले. गालिच्याखाली कचरा असतो तसे. ते बघायला रूट दुसरीकडे बाइंड करा:

माउंट --बाइंड / /एमएनटी

आणि /एमएनटी वर डीयू चालवा. खालचं सगळं उघडं पडतं. काम झालं की यूमाउंट करायला विसरू नका.

बाकी नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे सिस्टिमडीचं जर्नल, पॅकेजांचा कॅश, कोअर डंप. जर्नल आवरायचं तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम, एम मोठा; पण १८० दिवसांची गोष्ट तिथेही लागू, आधी विचारा. बूट भरलं असेल तर ते वाढवायच्या भानगडीत पडू नका, ते बहुतेक ठिकाणी एलव्हीएमच्या बाहेर असतं आणि त्याच्या पुढे लगेच दुसरं पार्टिशन बसलेलं असतं. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा, बूटमध्ये त्याच्या जुन्या आवृत्त्या साठतात) काढा. चालू कर्नल कुठला ते आधी यूनेम -आर ने बघून.

एवढं करूनही वाढवायची गरज उरली तरच पुढे या. आमच्या प्रकरणात उरली, कारण ॲपवाल्यांनी नवं मॉड्यूल चढवलं होतं आणि ते रोज पूर्वीपेक्षा जास्त लॉग लिहिणार होतं. पण हे वाढवणं त्या रात्री करायचं नव्हतं. ६० टक्क्यांवर सर्व्हर शांत आहे, तर पार्टिशनला हात उद्या, चेंज (बदल करायचा लेखी अर्ज) मंजूर करून.

कागद, बॅकअप आणि स्नॅपशॉटची मेख

चेंज रेज करताना किती वाढवायचं ते आकड्यात लिहा. मी साधारण सहा महिन्यांचा अंदाज धरते, आणि मागितलेल्यातलं निम्मं व्हीजीमध्ये मोकळं ठेवते. खोलीला एकदा दिलेली जागा परत घेता येत नाही, साठ्यातली मात्र उद्या रूटलाही देता येते. म्हणून डिस्क २० जीबीने वाढवून मागितली, त्यातले व्हारला १०.

बॅकअप हवाच, आणि तो शेवटचा कधी यशस्वी झाला ते डोळ्यांनी बघा. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, बिघडलं तर तिथे परत जाता येतं. त्यात एक मेख आहे: व्हीएमवर स्नॅपशॉट असेल तर व्हीएमवेअर डिस्क वाढवू देत नाही. नवखा माणूस शहाणपणाने आधी स्नॅपशॉट घेतो, मग व्हर्च्युअलायझेशन टीम म्हणते आधी तो काढा, आणि अर्धा तास मेलामेलीत जातो. क्रम उलटा करा. जुने स्नॅपशॉट आधी काढून घ्या, डिस्क वाढवून घ्या, आणि त्यानंतर पार्टिशनला हात लावण्याआधी नवा घ्या. काम झालं, सकाळी ॲप नीट चाललं की तो काढून टाका. विसरलेला स्नॅपशॉट फुगत जाऊन डेटास्टोअरच, म्हणजे सगळ्या व्हीएमच्या डिस्क असतात ती सामायिक जागाच, भरतो, मग एकाऐवजी वीस सर्व्हर एकदम रडतात.

शिवाय या तीन कमांडचं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा: एलएसबीएलके, व्हीजीएस, एलव्हीएस. आधी काय होतं हे नंतर कोणालाच आठवत नसतं.

जमीन आणि कुंपण

दुसऱ्या रात्री साडेदहाला व्हर्च्युअलायझेशन टीमने डिस्क १०० जीबी केली. पोराने एलएसबीएलके मारलं: ८० च.

कर्नलला अजून खबर नाही. ती द्यायची अशी:

एको १ > /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रीस्कॅन

एकोनंतर जागा, एक, जागा, मोठेपणाचं चिन्ह. पुन्हा एलएसबीएलके. आता एसडीए १००, पण एसडीए२ अजून ७९. जमीन वाढली, कुंपण तिथेच. अगदी बरोबर.

कुंपण सरकवायला ग्रोपार्ट वापरा. रेड हॅटवर ते क्लाउड-यूटिल्स-ग्रोपार्ट या पॅकेजात येतं, नसेल तर दिवसाच बसवून ठेवा. आधी कोरडी तालीम:

ग्रोपार्ट -एन /डेव्ह/एसडीए २

एन मोठा. एसडीए आणि २ यांच्यामध्ये जागा आहे, ती हमखास विसरली जाते. तालमीत काय बदलणार ते नुसतं दिसतं, बदलत काही नाही. पटलं की डॅश एन काढून पुन्हा. "चेंज्ड" असं मोठ्या अक्षरात आलं, जुना आकार आणि नवा आकार दिसला, की झालं. "नोचेंज" आलं तर एकतर रीस्कॅन झालेलं नाही, नाहीतर त्या पार्टिशनच्या पुढे दुसरं पार्टिशन आहे. शेजाऱ्याचं घर मधे असताना कुंपण पुढे कसं जाणार? तिथे जबरदस्ती करू नका, नवी डिस्क घ्या, ते खाली सांगते.

एफडिस्कने पार्टिशन खोडून त्याच जागी मोठं बनवायची जुनी पद्धत तुम्हाला कोणीतरी दाखवेलच. ती चालते. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण सुरुवातीचा सेक्टर एका आकड्याने चुकला तर डेटा दिसेनासा होतो, आणि रात्री अकरानंतर सेक्टरचे आकडे चुकतातच. ग्रोपार्ट असताना ती मर्दुमकी नको. ३.६ च्या आधीच्या कर्नलवर मात्र वापरात असलेल्या पार्टिशनचा नवा आकार रीबूटशिवाय दिसत नाही, तसले सर्व्हर असतील तर चेंजमध्ये डाउनटाइम मागून ठेवा. आणि पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं असेल तर २ टीबीच्या पुढे जाता येत नाही.

सातबारा, भिंत, फरशी

सातबाऱ्यावर नोंद:

पीव्हीरीसाइज /डेव्ह/एसडीए२

इथे एसडीए२ जोडून. मग व्हीजीएस. व्हीफ्री या रकान्यात शून्याच्या जागी २० च्या आसपास दिसायला हवं. दिसलं नाही तर पुढे जाऊ नका, मागच्या पायरीला काहीतरी राहिलंय.

आता भिंत. इथे फोनवर मी म्हटलं:

एलव्हीएक्सटेंड -एल +१०जी /डेव्ह/आरएचईएल/व्हार

एल मोठा, जी मोठा, आणि दहाच्या आधी अधिकचं चिन्ह. मधला आरएचईएल हे व्हीजीचं नाव, तुमच्याकडे वेगळं असेल, एलव्हीएसमध्ये बघून घ्या.

"मॅडम, नाही म्हणतंय. नवा आकार २५६० एक्स्टेंट, आधीच्या ३८४० पेक्षा मोठा नाही."

अधिक राहिलं होतं. एलव्हीएम जागा ४ एमबीच्या तुकड्यांत मोजतं, त्याला एक्स्टेंट म्हणतात. २५६० चोक म्हणजे १० जीबी, ३८४० चोक १५ जीबी. अधिक असेल तर "आणखी दहा दे", नसेल तर "एकूण दहा कर". आपलं म्हणणं त्याला असं पोचलं की पंधराची खोली दहाची कर, आणि एलव्हीएक्सटेंड फक्त वाढवतं म्हणून ते नुसतं नाही म्हणालं. तीच चूक एलव्हीरीसाइज वापरून केली असती तर त्याने डेटा जाऊ शकतो असं बजावून वाय की एन विचारलं असतं, आणि झोपेत माणूस वाय दाबतो. म्हणून माझ्या टीममध्ये वाढवायला एलव्हीरीसाइज बंद. कामही तेच होतं, आणि चुकलात तरी घर शाबूत.

एल लहान टाकलात तर तो जीबीत नव्हे, एक्स्टेंटमध्ये मोजतो. लहान एलला +१० म्हणजे अवघे ४० एमबी. सगळी मोकळी जागा द्यायची असेल तेव्हा लहान एल कामाचा, पुढे +१००%फ्री, त्यातलं फ्री मोठ्या अक्षरांत. पण सगळी देऊ नका असं वर म्हटलंच आहे.

अधिक लावून पुन्हा चालवलं, "सक्सेसफुली रीसाइज्ड" आलं. त्याने उत्साहाने डीएफ मारलं आणि पुन्हा आवाज पडला. पंधराच.

फरशी राहिली ना. एक्सएफएससाठी:

एक्सएफएस अंडरस्कोर ग्रोएफएस /व्हार

याला माउंटचं नाव द्यायचं, आणि ते माउंट असायलाच हवं. सात-आठ ओळी येतात, शेवटची महत्त्वाची: डेटा ब्लॉक ३९३२१६० वरून ६५५३६०० झाले. ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे पंधराचे पंचवीस. कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघा, विश्वास बसतो.

एक्सट४ असेल तर कमांड वेगळी आणि सवय उलटी: रीसाइज२एफएस, आणि त्याला माउंट नव्हे, डिव्हाइस द्यायचं, /डेव्ह/आरएचईएल/व्हार. चालू असतानाच वाढतं, अनमाउंट लागत नाही. रेड हॅट ७ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यांच्याकडे डिफॉल्ट एक्सएफएस आहे आणि उबुंटूवर एक्सट४, तेव्हा दोन्ही भेटणार. चुकीची कमांड दिलीत तर ती ओळखत नाही म्हणून थांबते, घाबरायचं कारण नाही. एक्सट४ वरची आणखी एक गंमत: तो मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवतो. ४० जीबीत २ जीबी. ॲपला जागा नाही आणि रूटला आहे, असं दिसलं तर ते भूत नाही, हेच.

भिंत आणि फरशी एकाच दमात करायची सोयही आहे, एलव्हीएक्सटेंडला डॅश आर जोडायचा. प्रकार ओळखून तो योग्य ती कमांड स्वतः चालवतो. मी रोज तेच वापरते. पण पहिल्या पाच-सहा वेळा तुम्ही दोन पायऱ्यांत करा, कारण एखाद्या दिवशी डॅश आर मधेच अडकेल आणि तेव्हा कुठला थर वाढला, कुठला राहिला हे ओळखता यायला हवं.

डीएफ -एचटी: २५ जीबी, ३८ टक्के. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ती यादी) काही बदलायचं नाही, नाव आणि यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक) तेच आहेत. रीबूटही नाही. ॲपला कळलंसुद्धा नाही.

डिस्क वाढत नसेल तर

फिजिकल सर्व्हर असेल, किंवा कुंपणापुढे शेजारी असेल, तर नवी डिस्क मिळते. पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी, मग व्हीजीएक्सटेंड आरएचईएल /डेव्ह/एसडीबी, पुढचं सगळं तसंच. कमांड दोनच, पण धोका इथे सगळ्यात जास्त. पीव्हीक्रिएट चुकीच्या डिस्कवर चाललं की संपलं. एलएसबीएलके -एफ ने बघा, वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी नुसतं, पुढे काहीही न लावता, चालवा. तसं ते पुसत नाही, कुठल्या खुणा आहेत तेवढं सांगतं. डॅश ए लावलंत तर मात्र पुसतं. आणि रिकामी दिसणारी डिस्क रिकामी असतेच असं नाही. ओरॅकलच्या एएसएमला (डेटाबेसच्या डिस्क स्वतः सांभाळणारी व्यवस्था) थेट दिलेल्या डिस्कवर माउंट दिसत नाही, पार्टिशनही नसू शकतं, आणि आत अख्खा डेटाबेस असतो. डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, फोन करा, झोपेतून उठवा, शिव्या खा. आकार आणि सिरियल नंबर स्टोरेजवाल्यांच्या मेलशी जुळवा. एसडीबी-एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात.

शिवाय रूट असलेल्या व्हीजीत दुसरी डिस्क घातली की दोन्हीपैकी एक गेली तरी घर पडतं. जमत असेल तर पहिलीच वाढवून घ्या.

एलव्हीएम नसलेल्या मशीनवर, क्लाउडच्या कितीतरी इमेज तशा असतात, मधल्या दोन पायऱ्या, सातबारा आणि भिंत, नाहीतच. रीस्कॅन, ग्रोपार्ट आणि सरळ फरशी.

आणि कोणी तुम्हाला एआयएक्सवर, म्हणजे आयबीएमच्या युनिक्सवर, बसवलं तर सुखी व्हाल. बँकांच्या कामात ते अजून भेटतं. तिथे एलव्हीएम पहिल्यापासून अंगातच आहे, भिंत आणि फरशी एका कमांडमध्ये:

सीएचएफएस -ए साइज=+२जी /यूएसआर

जी मोठा. आधी एलएसव्हीजी रूटव्हीजी चालवून फ्री पीपी (जागेचे मोकळे तुकडे) किती ते बघा. रूटव्हीजी बहुधा मिरर केलेली, दोन प्रतींत ठेवलेली असते, म्हणजे २ जीबी वाढवायला ४ जीबी मोकळी लागते. मोकळी जागा दिसत असून "जागा नाही" आलं तर आधी हा हिशेब करा. तो जुळत असूनही अडलं तर त्या एलव्हीला ठरवून दिलेली एलपींची (एलव्हीचे तुकडे) कमाल मर्यादा गाठली गेलेली असू शकते, ती सीएचएलव्ही -एक्स ने वाढवायची. तिथल्या खोल्यांची नावं जरा गूढ: यूएसआर म्हणजे एचडी२, रूट एचडी४, टीएमपी एचडी३, व्हार एचडी९व्हार. एचडी५ हे बूट, त्याला हात लावू नका. फरशी जेएफएस२ प्रकारची असेल तर तीच कमांड उणे देऊन कमीही करते, लिनक्सवाल्यांना याचा हेवा वाटतो.

पहाटेची नोंद

काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या कमांडचं आउटपुट तिकिटाला जोडा, स्नॅपशॉट कोण आणि कधी काढणार ते नावासकट लिहा. मॉनिटरिंगमधला इशाराही तपासा. ८५ टक्क्यांवर घंटा वाजत असेल तर पंधराच्या व्हारमध्ये तेव्हा सव्वादोन जीबी उरायचे, आता पावणेचार उरतील; पण नवं मॉड्यूल किती वेगाने लिहितंय त्यावर ते पुरतात का ते ठरेल.

त्या पोराने सकाळच्या शिफ्टला दिलेली नोंद मी ठेवून दिली आहे. त्याची भाषा तशीच:

"व्हार १५ चं २५ केलं, एक्सएफएस, रीबूट नाही. व्हीजीत १० जीबी मोकळी आहे, मॅडमना विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये. स्नॅपशॉट आज संध्याकाळी सहाला काढायचा, मी फोन करीन. होममध्ये जुनालॉग नावाची सहा जीबीची फाइल आहे. ती कचरा नाही. ॲप टीमने आर्काइव्ह केल्याचा मेल येईपर्यंत आरएम करू नये. माझ्याकडून एकदा झालं आहे."